मोजक्या प्रतींची, हातानं छापलेली सचित्र पुस्तकं : जमवायला सुरुवात करताना

पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडा. खासगी छापखान्यांच्या, म्हणजे नफ्यापेक्षा देखण्या छपाईच्या हौसेनं चालवलेल्या छोट्या छापखान्यांच्या, पुस्तकांची खरी ओळख तिथे असते. मजकूर कोणत्या खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत, जुळवला, कागद कुठला, चित्रं कोणी कोरली, बांधणी कोणी केली, एकूण प्रती किती आणि तुमच्या हातातली कितवी, हे सगळं त्या पानावर छापलेलं असतं. संग्राहक त्याला कोलोफॉन म्हणतात. पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, गाव आणि शक लिहून ठेवायचा, तसंच हे. ज्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘मर्यादित आवृत्ती’ असं सोनेरी अक्षरांत मिरवलेलं असतं आणि शेवटच्या पानावर यातलं काहीच नसतं, त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. पुस्तकांचं वेड आहे, खिशात फार पैसे नाहीत, मुंबई-पुण्यात किंवा परदेशात राहता आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी. सगळं एकदम करायची गरज नाही, पण पहिले दोन टप्पे पार केल्याशिवाय पुस्तकांवर एक रुपयाही खर्च करू नका.

पहिला टप्पा : कशाला काय म्हणतात ते समजून घ्या

विल्यम मॉरिस या इंग्रज कवी आणि नक्षीकारानं १८९१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केल्मस्कॉट प्रेस सुरू केला. तेव्हा पुस्तकं यंत्रावर भराभर निघत होती. कागद लाकडाच्या लगद्याचा, शाई फिकट, अक्षरं किरटी. मॉरिसनं सगळंच उलट केलं. अक्षरांचे तीन घाट स्वतः आखून त्यांचे खिळे ओतवून घेतले, केंटमधल्या जोसेफ बॅचलरकडून चिंध्यांचा हातकागद करवून घेतला आणि छपाईसाठी दांडा ओढून चालवायचा लोखंडी ॲल्बियन प्रेस ठेवला. १८९६ चा चॉसर, म्हणजे त्या मध्ययुगीन इंग्रजी कवीच्या साहित्याचा ग्रंथ, हे त्याचं सर्वांत मोठं काम. एडवर्ड बर्न-जोन्सची ८७ चित्रं, कागदावर ४२५ प्रती, शिवाय व्हेलमवर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर, १३. छपाईला पावणेदोन वर्षं लागली. कागदी प्रत तेव्हा २० पौंडांना होती. पुस्तक पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच मॉरिस गेला आणि १८९८ मध्ये छापखाना बंद झाला.

त्याच्यामागून बरेच जण आले. डव्हज प्रेसच्या पुस्तकांत चित्रं नसतात, म्हणून आपल्या विषयात तो तसा बसत नाही, पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भागीदार एमरी वॉकरच्या हाती खिळे पडू नयेत म्हणून टी. जे. कॉब्डन-सँडरसन या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थानं रात्रीच्या अंधारात हॅमरस्मिथ पुलावर जाऊन ते थोडे थोडे करत थेम्समध्ये टाकून दिले. २०१४ साली पाणबुड्यांनी त्यातले दीडशे खिळे शोधून वर काढले.

चित्रांच्या दृष्टीनं पुढचे दोन छापखाने महत्त्वाचे. बर्कशरमधला गोल्डन कॉकरेल १९२० साली सुरू झाला. १९२४ मध्ये रॉबर्ट गिबिंग्ज या लाकडावर कोरणाऱ्या चित्रकारानं तो हातात घेतला आणि त्याचं नशीब पालटलं. एरिक गिलच्या चित्रांचं १९३१ चं ‘फोर गॉस्पेल्स’ तिथलंच, प्रती ५००. दुसरा वेल्समधला ग्रेगिनॉग, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस या दोन श्रीमंत बहिणींनी आपल्या वाड्यात चालवलेला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये तो थांबला.

अमेरिकेत जॉर्ज मेसीनं १९२९ मध्ये काढलेला लिमिटेड एडिशन्स क्लब याहून वेगळा. तो छापखाना नव्हे, वर्गणीदारांचा क्लब. सभासद १५००, म्हणून प्रतीही १५००. चित्रकार नामवंत, छपाई जगभरच्या निरनिराळ्या उत्तम मुद्रकांकडून, आणि बहुतेक पुस्तकांवर चित्रकाराची सही. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीच्या १९३५ च्या आवृत्तीसाठी फ्रेंच चित्रकार मातीसनं चित्रं काढली खरी, पण ती होमरच्या ‘ओडिसी’वरची! पंधराशेही प्रतींवर त्याची सही आहे, जॉइसची सही मात्र फक्त २५० प्रतींवर. तीच पुस्तकं साध्या रूपात, सहीविना विकण्यासाठी मेसीनं हेरिटेज प्रेस काढला. ते नाव लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे ज्यात नवखे अडकतात तो : कातडी बांधणी, सोनेरी कडा, रेशमी फीत, आत साधी ऑफसेट छपाई. अशी पुस्तकं वाईट नसतात, दिवाणखान्यात छान दिसतात. पण त्यांना खासगी छापखान्याच्या भावात घेऊ नका.

दुसरा टप्पा : डोळे आणि बोटं तयार करा

घड्याळजीकडे असतं तसलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. काही शे रुपयांत मिळतं. या छंदात त्याच्याइतका परतावा देणारी दुसरी खरेदी नाही.

सुरुवात घरातूनच करा. माळ्यावरचं १९७५ च्या आधीचं कुठलंही मराठी पुस्तक काढा. बहुधा ते खिळ्यांवर छापलेलं असेल. पान उजेडात तिरकं धरा, मागच्या बाजूनं बोट फिरवा. अक्षरांचा दाब हाताला लागेल. भिंगातून पाहिलंत तर अक्षराच्या कडेला शाई किंचित दाट झालेली दिसेल, कारण खिळा दाबला की शाई बाहेरच्या बाजूला सरकते. आता आजचं एखादं पुस्तक शेजारी ठेवा. ऑफसेटमध्ये शाई सपाट बसते, दाब नसतो. हा फरक एकदा कळला की पुन्हा विसरत नाही. एक सावधगिरीची सूचना : दाब जितका खोल तितकी छपाई भारी, हा अलीकडच्या लग्नपत्रिकांनी पसरवलेला समज आहे. जुने कसबी मुद्रक खिळा कागदाला जेमतेम टेकवण्यात धन्यता मानत.

मग चित्रांकडे वळा. रंगीत चित्रावर भिंग धरल्यावर चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं फुलं दिसली, तर ती ऑफसेट. चांगल्या पुस्तकांतही ऑफसेट चित्रं असतात, गुन्हा नाही. फक्त विक्रेता ‘मूळ छापचित्र’, म्हणजे चित्रासाठी केलेल्या ठशावरून थेट छापलेलं चित्र, म्हणत असेल तर ती ऑफसेट नसावीत.

लाकडी ठशाचे दोन प्रकार. फळीच्या लांबीवर कोरलेला वुडकट, रेषा जाड आणि जोरकस. खोडाच्या आडव्या छेदावर, बहुधा बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडावर, बारीक हत्यारानं कोरलेलं वुड एन्ग्रेव्हिंग, ज्यात काळ्यातून केसासारख्या पांढऱ्या रेषा निघतात. गिबिंग्ज, गिल ही मंडळी दुसऱ्या प्रकारातली. लाकडी ठशाची मोठी सोय अशी की त्याची उंची खिळ्यांइतकी ठेवता येते. ठसा आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. त्यामुळे चित्र आणि अक्षर यांचा काळेपणा, दाब, पोत एकजीव होतो. खासगी छापखान्यांना लाकडी ठसे इतके प्रिय का, याचं कारण एवढंच. मला विचाराल तर नवख्यानं पहिली दोन-चार वर्षं याच प्रकारावर डोळा ठेवावा. मूळ छापचित्र म्हणजे काय हे सर्वांत स्वस्तात आणि सर्वांत स्पष्ट इथेच कळतं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून किंवा आम्लानं खाववून केलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब चौकोनात उमटतो आणि शाई कागदाच्या वर किंचित उचललेली लागते. अशी चित्रं वेगळ्या यंत्रावर छापून पुस्तकात बांधतात, म्हणून ती मोजून घ्यावी लागतात. शिळाछापात दाब नसतो, ठिपक्यांची जाळी नसते, खडूसारखा दाणेदार पोत असतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाईचा जाड, सारखा थर बसतो. आणि ‘जिक्ले’ हा शब्द वर्णनात दिसला तर ती उत्तम प्रतीची इंकजेट छपाई आहे, एवढं समजा.

आजकालच्या बऱ्याच छापखान्यांत मजकूर संगणकावर जुळवून त्याचा फोटोपॉलिमरचा, म्हणजे उजेडानं कडक होणाऱ्या प्लास्टिकचा, पत्रा करतात आणि तो जुन्या यंत्रावर छापतात. परिणाम सुंदर असू शकतो. फक्त ‘खिळे हातानं जुळवलेले’ असं लिहिलेलं असेल तर त्याचे जास्त पैसे देताना कोलोफॉनमध्ये तसा शब्द आहे का ते बघा.

हातकागदाची ओळख करून घ्यायची असेल तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासूनची हातकागद संस्था आहे. तिथे कागद हाताळा, उजेडासमोर धरून बघा. चारही कडा किंचित कुरतडल्यासारख्या का असतात ते तिथे समजेल, आणि मग पुस्तकाच्या अनियमित कडा पाहून तुम्ही त्याला खराब प्रत म्हणणार नाही.

तिसरा टप्पा : आकडा का छोटा आहे ते विचारा

४२५, २६५, ७५. प्रतींचा आकडा पाहून भुलू नका, त्यामागचं कारण विचारा. काही आकडे कामातूनच येतात. तांब्यावर ड्रायपॉइंट पद्धतीनं ओरखडलेल्या रेषेची उठलेली कड थोड्याच छापांत बसत जाते, म्हणून चांगले छाप थोडेच निघतात. हातयंत्रावर दिवसभरात निघणाऱ्या कागदांना मर्यादा असते. कागदही मर्यादित असतो. इंग्लंडातली हातकागदाची हेल मिल १९८७ मध्ये थांबली. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात जर्मनीतली झेर्काल कागद गिरणी उद्ध्वस्त झाली आणि जगभरच्या छोट्या छापखान्यांना शिल्लक साठ्यावर दिवस काढावे लागले. अशा वेळी ‘आमच्याकडे एवढाच कागद होता’ हे प्रामाणिक उत्तर असतं.

लाकडी ठशाची मात्र गंमत आहे. चांगल्या बॉक्सवुडच्या ठशातून हजारो छाप निघतात. तिथे आकडा छोटा असतो तो गिऱ्हाईक तेवढंच असतं म्हणून, किंवा दोन माणसांना तेवढंच झेपतं म्हणून. यात वावगं काही नाही. वावगं तेव्हा वाटतं, जेव्हा एकाच पुस्तकाच्या साध्या, क्रमांकित आणि अक्षरांकित (क्रमांकाऐवजी A, B, C असं अक्षर घातलेल्या) अशा तीन आवृत्त्या निघतात, आतली छपाई तिन्हींत तीच असते आणि भाव फक्त पेटीच्या मखमलीनुसार दसपट होतो. गेल्या काही वर्षांत लोकप्रिय भय आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या अशा आवृत्त्यांवर उड्या पडतात आणि महिन्याभरात त्या चढ्या भावानं पुन्हा विक्रीला येतात. तो सट्टा आहे. जमत असेल तर करा, पण त्याला संग्रह म्हणू नका.

चौथा टप्पा : एक धागा धरा

‘सगळी सुंदर पुस्तकं’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. एखादा चित्रकार धरा, एखादा छापखाना धरा, किंवा एकच ग्रंथ निरनिराळ्या छापखान्यांनी कसा छापला ते जमवा. धागा जितका अरुंद, तितके तुम्ही लवकर जाणकार होता, आणि विक्रेत्यापेक्षा चार गोष्टी जास्त माहीत असणं हाच गरीब संग्राहकाचा एकमेव फायदा.

मराठी वाचकाला मी सुचवेन तो धागा भारताचा. तो जगभर विखुरलेला आहे आणि त्यावर फार गर्दी नाही. काही मणी सांगतो.

आनंद कुमारस्वामींनी १९०७-०८ मध्ये इंग्लंडातल्या आपल्या घरी ‘मिडीव्हल सिंहलीज आर्ट’ छापून घेतलं, ते मॉरिसचा चॉसर ज्या हातयंत्रावर छापला त्याच यंत्रावर. योगायोगानं प्रतीही तितक्याच, ४२५. इंग्रजी ‘गीतांजली’ १९१२ साली प्रथम निघाली ती लंडनच्या इंडिया सोसायटीसाठी, ७५० प्रतींत, आणि त्यातल्या विक्रीला फक्त २५० होत्या. १९१४ मध्ये कवी येट्सच्या बहिणीनं चालवलेल्या आयर्लंडमधल्या कुआला प्रेसनं रवींद्रनाथांचं ‘द पोस्ट ऑफिस’ ४०० प्रतींत छापलं. ही तिन्ही आता महाग आहेत, पण मिळतात.

परवडणारा आणि आपल्या अगदी जवळचा मणी म्हणजे लिमिटेड एडिशन्स क्लबची १९६५ ची ‘भगवद्गीता’. भाषांतर एडविन अर्नोल्डचं, चित्रं वाय. जी. श्रीमती यांची, प्रस्तावना श्रीप्रकाश यांची, जे आधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आणि छपाई मुंबईत, कमर्शियल प्रिंटिंग प्रेसमध्ये. न्यूयॉर्कच्या क्लबचं पुस्तक मुंबईत छापून पंधराशे सभासदांकडे गेलं, ते आता एकेक करून बाजारात येतं. क्लबच्या इतर गाजलेल्या पुस्तकांच्या मानानं त्याला मागणी कमी असते. तुमचं पहिलं मोठं पुस्तक म्हणून याहून चांगलं मला सुचत नाही.

आजचं भारतीय काम हवं असेल तर चेन्नईच्या तारा बुक्सकडे जा. तिथली काही पुस्तकं हातकागदावर, पान पान स्क्रीन प्रिंटिंगनं छापून, हातानं शिवलेली असतात आणि प्रतींवर क्रमांक हातानं घातलेला असतो. गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे काळ्या कागदावरचं पुस्तक त्यातलं सर्वांत गाजलेलं. वारली चित्रकार रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे यांचं ‘डू!’ हे तपकिरी कागदावर पांढऱ्या शाईचं पुस्तक डहाणूच्या भिंतीवरून थेट उतरल्यासारखं वाटतं. आवृत्त्या हजारोंच्या असतात आणि पुनर्मुद्रणंही होतात, त्यामुळे भाव चढण्याची आशा धरू नका. पण मूळ छापचित्रांचं अख्खं पुस्तक इतक्या कमी पैशांत जगात क्वचितच मिळतं. कलकत्त्यात पी. लाल यांनी १९५८ साली सुरू केलेलं रायटर्स वर्कशॉपही इथेच सांगायला हवं : लाल असतानाच्या पुस्तकांत हातानं जुळवलेले खिळे, हातमागाच्या साडीच्या कापडाची बांधणी, मुखपृष्ठावर लाल यांचं स्वतःचं हस्ताक्षर. चित्रं बहुधा नसतात. जुन्या बाजारात ही पुस्तकं अजून ओळखली जात नाहीत.

खासगी छापखान्याच्या व्याख्येत न बसणारी, पण शेजारी शोभतील अशीही काही आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या चित्रांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली मुंबईत छापलं गेलं. आणि भारतीय संविधानाची हस्तलिखितावरून छापलेली पहिली आवृत्ती : प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचं अक्षर, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींची सजावट, डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियानं फोटोलिथोग्राफीनं काढलेल्या १००० प्रती. त्यातली एक २०२४ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ४८ लाखांना गेली. म्हणजे ती बघायची, घ्यायची नाही.

पाचवा टप्पा : कुठे आणि कितीत

खर्चाचा पहिला जिना हेरिटेज प्रेसचा. चित्रं तीच, आकार साधारण तोच, सही नाही, क्रमांक नाही. परदेशातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती थोड्या पैशांत पडून असतात. त्यांच्यात मूळचं छोटं माहितीपत्रक असायचं, ते आहे का बघा. दुसरा जिना लिमिटेड एडिशन्स क्लबच्या कमी मागणीच्या पुस्तकांचा. तिसरा चालू छापखान्यांचा, थेट त्यांच्याकडून. ग्लॉस्टरशरमधला व्हिटिंग्टन प्रेस १९७१ चा, कॅनडातला बार्बेरियन प्रेस १९७७ चा. अशांकडे बहुधा नवरा-बायकोच सगळं करतात, पत्र लिहिलं तर उत्तर येतं, आणि कधी कधी हप्त्यांनीही देतात. केल्मस्कॉटची छोटी पुस्तकं त्याच्या वरच्या जिन्यावर, आणि चॉसर तर गच्चीच्याही वर.

छपाईपूर्वी छापखाने जी जाहिरातीची पानं काढतात, त्यांकडे नवखे लक्ष देत नाहीत. त्याच खिळ्यांत, बहुधा त्याच कागदावर, एखाद्या खऱ्या ठशासह छापलेलं पत्रक पुस्तकाच्या किमतीच्या छोट्याशा अंशात मिळतं. अशा पत्रकांची एक फाइल भरली तर अर्धं शिक्षण होतं. सुटी पानं मात्र जपून घ्या. पूर्वीच फाटलेल्या पुस्तकाची पानं असतील तर हरकत नाही, पण चांगलं पुस्तक फोडून चित्रं वेगळी विकणाऱ्याला गिऱ्हाईक होऊ नका.

महाग मूळ पुस्तकांच्या हुबेहूब प्रतिकृतीही मिळतात. केल्मस्कॉट चॉसरची एक १९५८ साली अमेरिकेत निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेसनं १९७९ मध्ये बॅरी मोझरच्या १०० ठशांसह ‘मोबी डिक’ २६५ प्रतींत छापलं, त्याची लहान आकारातली साधी आवृत्ती कॅलिफोर्निया विद्यापीठानं काढली आणि ती सहज परवडते. अभ्यासासाठी उत्तम.

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, पुण्यात जुन्या बाजारात काय मिळेल? बहुतेकदा काही नाही. पण पारशी किंवा जुन्या इंग्रजी वळणाच्या घरांतली कपाटं रिकामी होतात तेव्हा हेरिटेज किंवा क्लबचं एखादं पुस्तक रद्दीच्या ढिगात येतं आणि दुकानदार ते जाडीवरून विकतो. भिंग खिशात असू द्या. लंडनला नातेवाईक असतील तर हॅमरस्मिथला थेम्सकाठचं केल्मस्कॉट हाऊस बघून या, तिथे ॲल्बियन यंत्र आहे. ऑक्सफर्डला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात साधारण दोन वर्षांनी छोट्या छापखान्यांच्या जत्रा भरतात. तिथे लाखाचं पुस्तकही हात स्वच्छ असतील तर उघडून बघू देतात.

सहावा टप्पा : विक्रेत्याशी बोलताना

इंग्रजी विक्रेत्यांच्या यादीतले शब्द आपल्या अर्थानं वाचू नका. ‘फाइन’ म्हणजे जवळपास नवी प्रत. ‘व्हेरी गुड’ म्हणजे वापरलेली, किरकोळ दोष असलेली. ‘गुड’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेली! ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे शिक्के, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, खिसे. आणि ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे संग्रहात ठेवू नका असं विक्रेताच सांगतोय.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा : कोलोफॉनचा फोटो, पाठीचा फोटो (उन्हानं रंग उडालेला तिथेच दिसतो), चित्रांची एकूण संख्या मोजून, सही पेनाची की छापलेली, पेटी मूळची आहे का, आणि कोलोफॉनमध्ये जादा छापचित्रांचा संच नोंदलेला असेल तर तो सोबत आहे का. हा संच सर्वांत जास्त वेळा गहाळ असतो, कारण मधल्या एखाद्या मालकानं तो चौकटी करून भिंतीवर लावलेला असतो. चांगल्या छापखान्यांच्या सूची छापलेल्या आहेत. गोल्डन कॉकरेलच्या पुस्तकांच्या तर चार सूची निघाल्या. वर्णन त्यांच्याशी पडताळून बघा. पानं दुमडीवर न कापलेली असतील तर ती तशीच असू द्या, किंवा बोथट हाडी सुरीनं हळूच कापा. बोटानं कधीच नाही.

सातवा टप्पा : मागवणं

जड पुस्तकाचं टपाल कधी कधी पुस्तकापेक्षा महाग पडतं. म्हणून न्यू जर्सीच्या मावसभावाकडे पुस्तकं जमा करून तो डिसेंबरात येताना आणवणं हा मराठी संग्राहकांचा जुना मार्ग, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. थेट मागवलंत तर छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के सीमाशुल्क आहे, त्यावर अधिभार, आणि कुरिअर कंपनीचा हाताळणीचा आकार वेगळा. दुहेरी खोका आणि आत प्लास्टिकचं वेष्टन असा आग्रह धरा. जून ते सप्टेंबर काहीही मागवू नका.

आठवा टप्पा : पावसाळा

या विषयावरचे जवळजवळ सगळे सल्ले थंड, कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेले असतात. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात ते तसेच्या तसे चालत नाहीत.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. छोटा आर्द्रतामापक घ्या आणि कपाटातच ठेवा, खोलीत नव्हे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. पुस्तकं गच्च कोंबू नका. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवत असाल तर त्या वेळच्या वेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांचा काही उपयोग नाही. रात्री एसी आणि दिवसा बंद असा खेळ कागदाला सततच्या उकाड्यापेक्षाही जाचतो. जमत असेल तर पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता शोषणारं यंत्र लावा.

कसर आणि वाळवी यांच्यासाठी वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न टेकता ठेवायला हरकत नाही. डांबरगोळ्या नकोत. कपाटात वर्तमानपत्र अंथरू नका, त्याचं आम्ल वरच्या पुस्तकात उतरतं. आणि पुस्तकांना ऊन दाखवण्याची घरोघरची पद्धत या पुस्तकांना लावू नका. दोन तासांत पाठीचा रंग जाईल. बुरशी दिसली तर ते पुस्तक वेगळं काढा, सावलीत पंख्याखाली वाळवा, मग नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं बाहेरच्या बाहेर झटका. प्रत मौल्यवान असेल तर हात न लावता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारा.

खरेदी करतानाच हवामानाचा विचार करा. व्हेलमची बांधणी दमट हवेत वाकते, पुठ्ठे होडीसारखे वळतात. एकाच पुस्तकाच्या व्हेलम, कातडी आणि कापडी अशा तीन प्रती समोर असतील, तर किनारपट्टीवर राहणाऱ्यानं डोळे मिटून कापडी घ्यावी. स्वस्तही पडते. कातड्याला तेल किंवा पॉलिश लावू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कदापि नाही.

हाताळताना हातमोज्यांची गरज नसते. मोज्यांत बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. धुतलेले, पूर्ण कोरडे हात पुरेत. जाड पुस्तक सपाट उघडण्याऐवजी दोन्ही बाजूंना उशी द्या.

नववा टप्पा : नोंद

प्रत्येक पुस्तकाची एक नोंद ठेवा : कोलोफॉनचा फोटो, कोणाकडून घेतलं, कधी, कितीला, टपाल आणि शुल्क किती, आणि विक्रेत्याचं मूळ वर्णन जसंच्या तसं. पुढे विकायची वेळ आली तर हेच कागद किंमत ठरवतात. आधीच्या मालकाचं नाव, नामपट्टिका, आत ठेवलेलं पत्र काढून टाकू नका. पुस्तकात स्वतः काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं, शेवटच्या कोऱ्या पानावर. पुस्तकं महाग झाली की घराच्या विम्यात त्यांची वेगळी नोंद करा, कारण सर्वसाधारण पॉलिसीत पुस्तक म्हणजे रद्दीच्या भावाचा कागद.

आणि यादीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून, समजावून, बँकेच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. कोणतं पुस्तक कोणत्या विक्रेत्याकडे परत विकता येईल त्याचं नाव आणि पत्ता प्रत्येक नोंदीसमोर लिहा, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईच्या आधी ती यादी एकदा ताजी करा.